झुकते माप कुठे द्यावे: ग्राहक टिकवू पाहणाऱ्या नवख्या व्यावसायिकासाठी मार्गदर्शन

नव्याने व्यवसाय सुरू केलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत एक सल्ला हमखास मिळतो: ग्राहकाला अपेक्षेपेक्षा जास्त द्या, म्हणजे तो पुन्हा येईल. सल्ला खोटा नाही. पण तो ऐकून बहुतेक जण सवलत वाढवतात, सोबत एखादी भेटवस्तू देतात किंवा ठरलेल्या कामाच्या दीडपट काम करून मोकळे होतात, आणि सहा महिन्यांनी हिशेब मांडल्यावर लक्षात येते की नफा आटला, ग्राहक मात्र होते तितकेच राहिले. देण्याच्या वृत्तीत चूक नसते. कोणत्या ठिकाणी थोडेसे अधिक दिले तर ते ग्राहकाच्या लक्षात राहते आणि कोणत्या ठिकाणी कितीही ओतले तरी ते मुरून जाते, हे पाहायचे राहून गेलेले असते. पुढील पायऱ्या ते ओळखण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम मोडू नये असा माझा आग्रह आहे, कारण दुसरी पायरी कच्ची ठेवून चौथीवर उडी मारणारेच मी सर्वाधिक पाहिले आहेत.

पायरी १: अपेक्षा आधी कागदावर आणा

ज्याच्यापेक्षा अधिक द्यायचे ते नेमके किती आहे, हे माहीत नसताना अधिक देता येत नाही. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली ग्राहकाच्या समाधानाची जी मांडणी केली तिचा गाभा असा, की समाधान केवळ वस्तूच्या दर्जावरून ठरत नाही. मनात आधी बांधलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष आलेला अनुभव यांतील अंतरावरून ते ठरते. म्हणूनच एकच काम एका ग्राहकाला उत्तम वाटते आणि दुसऱ्याला जेमतेम.

ही अपेक्षा चार ठिकाणांहून तयार होते: तुम्ही स्वतः दिलेला शब्द किंवा केलेली जाहिरात, तुमचा दर, ग्राहकाला इतरत्र आलेला अनुभव आणि ओळखीच्यांनी तुमच्याविषयी सांगितलेल्या गोष्टी. यांपैकी पहिल्या दोन पूर्णपणे तुमच्या हातात आहेत, ही गोष्ट नवखे लोक विसरतात. जाहिरातीत 'तत्काळ' हा शब्द लिहिणाऱ्याने अपेक्षा इतकी वर नेऊन ठेवलेली असते, की पुढे तिच्यापेक्षा अधिक देण्याला जागाच उरत नाही.

यासाठी एक साधी वही करावी. शेवटच्या वीस ग्राहकांची नावे लिहून प्रत्येकाने काम देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारले ते आठवून नोंदवावे. 'किती दिवस लागतील?', 'पुन्हा बिघडले तर?', 'आधी नमुना पाहायला मिळेल का?' यांतला प्रत्येक प्रश्न ही एक अपेक्षा असते, आणि बहुतेक वेळा त्यामागे पूर्वी कुठेतरी बसलेला चटका असतो. वीस नावांत तोच प्रश्न सात-आठ वेळा आला, तर तुमच्या व्यवसायातील खरी धास्ती कुठे आहे ते कळले असे समजावे.

ही यादी झाली की तिचे तीन गट पाडावेत. गुणवत्ता क्षेत्रातील जपानी अभ्यासक नोरिआकी कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडलेले वर्गीकरण त्यासाठी फार उपयोगी आहे. पहिल्या गटात गृहीत धरलेल्या गोष्टी येतात: त्या असल्या तर कोणी कौतुक करत नाही, नसल्या तर मात्र ग्राहक तुटतो. दुसऱ्या गटात जितक्या जास्त तितक्या बऱ्या अशा गोष्टी येतात. तिसऱ्या गटात, ज्यांची ग्राहकाने कल्पनाच केलेली नसते आणि ज्या नसल्या तरी तो नाराज होत नाही, पण मिळाल्या तर हरखून जातो, अशा गोष्टी येतात. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याचे उदाहरण घेऊ. आतील फाइली सुरक्षित राहणे हे पहिल्या गटातले. त्याबद्दल कोणी आभार मानणार नाही. दुरुस्ती किती लवकर झाली हे दुसऱ्या गटातले. बदललेला जुना भाग छोट्या पाकिटात घालून, 'हा भाग इथे जळला होता' अशी चिठ्ठी लावून परत देणे हे तिसऱ्या गटातले. झुकत्या मापाची जागा मुख्यतः या तिसऱ्या गटात असते, आणि पहिल्या गटात कसर असेल तर तिसऱ्याचा काडीइतका उपयोग होत नाही. फाइली गमावून बसलेल्या माणसाला जळालेल्या भागाचे पाकीट दिले, तर ते त्याला चेष्टाच वाटेल.

पायरी २: दिलेला शब्द आधी पाळा

सेवेचा दर्जा मोजण्याची पद्धत ए. परशुरामन, व्हॅलेरी झायथामल आणि लेनर्ड बेरी या तिघांनी १९८५ ते १९८८ या काळात विकसित केली. तिच्यात त्यांनी पाच निकष धरले: भरवशाचे काम, तत्परता, विश्वास वाटावा असे ज्ञान आणि वागणे, ग्राहकाकडे व्यक्ती म्हणून लक्ष देणे, आणि जागा, साधने, कागदपत्रे यांसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. त्यांच्या अभ्यासांत ग्राहकांनी सर्वांत जास्त वजन भरवशाच्या कामाला दिले. नवा व्यावसायिक मात्र बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. त्याची पाकिटे देखणी असतात आणि तारखा चुकतात.

याबाबत आयेलेत ग्नीझी आणि निकोलस एप्ली यांचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. शब्द मोडला की लोक तो मोडणाऱ्याला चांगलाच जबाबदार धरतात. परंतु दिलेल्या शब्दापेक्षा जास्त करून दाखवले, तर शब्द नुसता पाळणाऱ्यापेक्षा त्याचे कौतुक फारसे वाढत नाही, असे त्यांना प्रयोगांत आढळले. पहिल्या वाचनात मी या निष्कर्षाने थोडा हिरमुसलो होतो. नंतर त्यातला उपयोगाचा अर्थ ध्यानात आला: ज्या गोष्टीचा शब्द दिला आहे, तीच गोष्ट आणखी वाढवून देण्यात श्रम वाया जातात. मंगळवारी देण्याचे ठरलेले काम सोमवारी देण्यासाठी रात्र जागवू नये. ते मंगळवारी नक्की द्यावे आणि वाचलेले बळ, ज्याचा शब्द दिलाच नव्हता अशा एखाद्या गोष्टीवर लावावे.

तारीख देताना स्वतःला थोडी सवड ठेवणे रास्त आहे, कारण आजारपण, वीज जाणे, माल उशिरा येणे हे होतच असते. पण चार दिवसांच्या कामाला मुद्दाम बारा दिवस सांगून पाचव्या दिवशी 'लवकर' दिल्याचा आव आणणे ही युक्ती दोनदाच चालते. तिसऱ्या वेळी ग्राहक तुमच्या बारा दिवसांचे पाच दिवस असेच गणित करतो, आणि एखाद्या वेळी खरोखरच बारा दिवस लागले की तुम्हीच खोटे ठरता. माझ्या मते कामाचा नेहमीचा कालावधी आणि त्यावर साधारण चौथा हिस्सा सवड, इतके पुरते.

दुसऱ्या पायरीवर किती दिवस थांबावे, याचे उत्तर वहीत सापडते. सलग तीस कामे ठरल्या दिवशी, ठरल्या दरात आणि ठरल्या स्वरूपात गेली, किंवा जिथे अडचण आली तिथे ग्राहकाने विचारण्याआधी तुम्ही कळवले, अशी नोंद झाल्याशिवाय पुढे सरकू नये.

पायरी ३: ग्राहकाचे हेलपाटे मोजा

'अधिक देणे' म्हटले की हातात काहीतरी ठेवणे असेच डोळ्यांसमोर येते. ग्राहकाच्या डोक्यावरचे ओझे काढून घेणे हेही देणेच आहे, आणि बहुधा ते स्वस्तही पडते. मॅथ्यू डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५,००० हून अधिक ग्राहकांच्या अनुभवांचा अभ्यास करून २०१० साली निष्कर्ष काढला, की तक्रार किंवा चौकशी घेऊन आलेल्या ग्राहकाला भारावून टाकण्याच्या प्रयत्नांनी निष्ठा फारशी वाढत नाही. त्याचे कष्ट कमी केल्याने मात्र तो टिकतो. एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा संपर्क करावा लागणे, तीच माहिती प्रत्येक नव्या माणसाला सांगावी लागणे, फोनवरून संकेतस्थळाकडे आणि संकेतस्थळावरून पुन्हा फोनकडे पिटाळले जाणे, हे सर्वांत जास्त नडते.

म्हणून एक दिवस स्वतःच स्वतःचे ग्राहक व्हावे. अनोळखी क्रमांकावरून आपल्याच दुकानाला फोन करावा, आपलाच अर्ज भरून पाहावा, आपलीच पावती वाचून ती समजते का ते तपासावे. प्रत्येक फोन, प्रत्येक खेप, प्रत्येक वाट पाहणे आणि तीच माहिती पुन्हा देणे यांसाठी एकेक रेघ ओढावी. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा एका साध्या कामासाठी अकरा रेघा झाल्या, आणि त्यांतल्या पाच माझ्याच सोयीसाठी निर्माण झालेल्या होत्या.

या रेघा कमी करण्याबरोबरच पुढे येणारा प्रश्न आजच सोडवून ठेवावा. छपाईचे काम घेऊन जाणारा ग्राहक काही महिन्यांनी 'तसेच आणखी शंभर हवेत' म्हणत येणार असेल, तर कागदाचा प्रकार, जाडी, रंगाचे प्रमाण आणि मूळ फाइल यांची नोंद बिलावरच छापून द्यावी. त्याला पुढच्या वेळी काही शोधावे लागत नाही, आणि तुम्हालाही.

पायरी ४: जास्तीची गोष्ट निवडा

आता खऱ्या झुकत्या मापाकडे येऊ. जी गोष्ट तुम्हाला स्वस्त पडते आणि ग्राहकाला मोलाची वाटते, तीच निवडावी, आणि अशी गोष्ट बहुतेक वेळा तुमच्या धंद्यातल्या ज्ञानातून येते; बाजारातून घाऊक आणलेल्या भेटवस्तूंतून क्वचितच. तुमचे नाव छापलेले पेन दुसराही देऊ शकतो. तुमच्या डोळ्यांना जे दिसते ते ग्राहकाला दिसत नाही, आणि देण्यासारखे धन तिथेच असते.

एक लहानसे काम जवळून पाहू. शिंप्याकडे एक कोट बाह्या आखूड करण्यासाठी आला आहे. बाह्यांचे काम झाल्यावर शिंपी कोट उलटापालटा करून पाहतो. वरून दुसरे बटण दोन धाग्यांवर लोंबते आहे. तो ते चार टाक्यांत पक्के करतो. बाह्यांतून कापलेले कापडाचे तुकडे फेकून न देता ते लहान पुडीत घालतो, त्याच छटेचा हातभर दोरा गुंडाळून त्यात ठेवतो आणि पुडी आतल्या खिशात सरकवतो. कोट देताना एवढेच म्हणतो, 'दुसरे बटण सैल झाले होते, पक्के केले आहे. उरलेले कापड खिशात आहे, पुढे कधी रफू करावे लागले तर उपयोगी पडेल.' एकंदर पाचएक मिनिटे गेली. कापड मुळात ग्राहकाचेच होते. पण या माणसाने आपला कोट सगळा पाहिला, ही जाणीव ग्राहकासोबत घरी जाते, आणि कधीतरी कोपरावर भोक पडेल तेव्हा पुडीसकट शिंप्याची आठवण होते.

यातील सांगण्याची पद्धतही नीट पाहावी. बटणाबद्दल काहीच न सांगता कोट दिला असता, तर ग्राहकाला ते कधी कळलेच नसते. आणि आपण किती काळजीने काम करतो यावर दोन मिनिटे भाषण दिले असते, तर ते न मांडलेल्या बिलासारखे वाटले असते. एक वाक्य, फार तर दोन, आणि त्यात केलेल्या कामाची माहिती. स्वतःची स्तुती नाही.

निवडलेली गोष्ट योग्य आहे की नाही हे पडताळताना मी स्वतःला काही प्रश्न विचारतो. ही गोष्ट याच ग्राहकाच्या गरजेतून आली आहे का, की सगळ्यांना सरसकट वाटता येईल अशी आहे? वर्दळीच्या दिवशीही ती देता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती न विचारता केलेली चालेल का?

या शेवटच्या प्रश्नाची किंमत मला ग्राहक म्हणून कळली. माझ्याकडे वडिलांचे लिहिण्याचे जुने मेज होते. त्याचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून ते एका कारागिराकडे दिले. त्याने पाय तर उत्तम बसवलाच. वर, मला सुखद धक्का द्यावा म्हणून, संपूर्ण मेज घासून, पॉलिश करून, आरशासारखे चकचकीत करून आणले आणि त्याचा एक पैसाही घेतला नाही. वडिलांच्या दौतीने उमटवलेले निळे वर्तुळ आणि कागद कापताना पडलेल्या पात्याच्या रेघा त्याबरोबर गेल्या. त्या भल्या माणसाला मी काय बोलणार? मी आभार मानले, आणि पुन्हा त्याच्याकडे काहीही दुरुस्तीला दिले नाही. ग्राहकाच्या वस्तूचे रूप, मजकूर, रचना किंवा आठवण बदलत असेल अशी कोणतीही जास्तीची गोष्ट विचारल्याशिवाय करू नये. अनुवादकाने मूळ लेखातील चूक सापडली म्हणून ती परस्पर दुरुस्त करू नये. वेगळ्या पानावर 'येथे वर्ष चुकले असावे' अशी टीप जोडावी. तीच मदत आहे, आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे राहतो.

आणखी एक सावधगिरी. तुमचा ग्राहक एखाद्या संस्थेत नोकरीला असून संस्थेच्या वतीने खरेदी करत असेल, तर जास्तीचे जे काही द्यायचे ते कामात द्यावे, त्या व्यक्तीच्या हातात नव्हे. व्यक्तीला दिलेली वस्तू, तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो, लाच ठरू शकते आणि त्या माणसाला अडचणीत आणू शकते.

पायरी ५: वेळ साधा

तेच देणे वेगवेगळ्या वेळी वेगळे ठरते. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. सहभागी व्यक्तींनी एकदा ६० सेकंद हात १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या, म्हणजे बोचेल इतक्या गार पाण्यात ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि त्यावर आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेऊन किंचित कमी गार केले गेले. यांतला कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, पण शेवट थोडा सुसह्य असलेला अनुभव निवडला. अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्याची टोकाची घडी आणि त्याचा शेवट आठवणीत जास्त वजन टाकून जातात.

बहुतेक व्यवसायांत शेवटच सर्वांत रुक्ष असतो: पैसे, पावती, पिशवी आणि पुढच्याची पाळी. सुरुवातीच्या स्वागतावर सगळा उत्साह संपवण्यापेक्षा तो शेवटासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. जास्तीची गोष्ट शक्यतो पैसे देऊन झाल्यावर पुढे करावी. व्यवहार ठरण्याआधी पुढे केलेल्या वस्तूला आमिषाचा वास येतो. व्यवहार आटोपल्यावर तीच वस्तू आपुलकीची वाटते. काम दिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी 'पाय पुन्हा डुगडुगत तर नाही ना?' असा एका ओळीचा निरोप पाठवणेही याच पायरीत येते, आणि माझ्या अनुभवात हा निरोप सर्वांत कमी लोक पाठवतात. मात्र त्या निरोपाखाली अभिप्राय लिहिण्याची विनंती, नव्या योजनेची माहिती किंवा 'मित्रांना सांगा' अशी ओळ जोडली, की तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होतो. अभिप्राय हवा असेल तर तो वेगळ्या दिवशी सरळ मागावा.

पायरी ६: चूक झाली तर

मेरी जो बिटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली विमान कंपन्या, हॉटेले आणि उपाहारगृहे यांतील ग्राहकांना लक्षात राहिलेल्या सुमारे ७०० प्रसंगांचे वर्गीकरण केले. समाधानाच्या आठवणींत चूक झाल्यावर ती नीट निस्तरली गेल्याचे प्रसंगही होते, आणि असमाधानाच्या आठवणींत मूळ चुकीपेक्षा तिच्यावर मिळालेली थंड वागणूक लक्षात राहिल्याचे प्रसंग ठळक होते. तेव्हा झुकते माप द्यायची हक्काची वेळ कोणती, असे विचारले तर मी चुकीच्या दिवसाकडे बोट दाखवीन.

त्या दिवशीचा क्रम असा ठेवावा. ग्राहकाच्या लक्षात येण्यापूर्वी आपण सांगावे. काय झाले ते दोन वाक्यांत, कारणांची ढाल न करता, सांगावे. नवी वेळ द्यावी आणि ती पहिल्या वेळेपेक्षा अधिक पक्की असावी, कारण दुसऱ्यांदा मोडलेल्या शब्दाला क्षमा नसते. मूळ नुकसान पूर्ण भरून द्यावे. त्यानंतरच जास्तीचे काही द्यावे. हा शेवटचा क्रम फार जण उलटा करतात. बिघडलेले काम तसेच ठेवून 'पुढच्या वेळी सवलत देऊ' असे म्हणणारा, आपल्या चुकीसाठी ग्राहकाला पुन्हा पैसे खर्च करायला लावत असतो.

चूक सुंदर निस्तरली तर ग्राहक आधीपेक्षाही जवळ येतो, अशी एक कल्पना सेवाक्षेत्राच्या अभ्यासात १९९० च्या दशकापासून चर्चेत आहे. कधीकधी तसे घडतेही. पण ती कल्पना डोक्यात ठेवून ढिलाई करू नये. एकाच ग्राहकाबाबत दोनदा चूक झाली, की त्याच्या मनात तो तुमचा स्वभाव ठरतो.

पायरी ७: देण्याला मर्यादा घाला

येथे हिशेब लागतो. दर महिन्याला जास्तीच्या देण्यावर किती वेळ आणि किती रक्कम जाईल, हे आधीच ठरवावे. नवख्याने एकूण कामाच्या तासांपैकी तीन ते पाच टक्के यासाठी राखावेत, असे मी सुचवीन. आठ तासांच्या दिवसात ते पंधरा ते पंचवीस मिनिटे भरतात. त्याहून जास्त लागू लागले, तर तुम्ही फुकट काम करत आहात किंवा तुमचा दर चुकला आहे.

हाताखाली माणसे असतील तर त्यांनाही हे अधिकार ठरवून द्यावेत. रिट्झ-कार्लटन या हॉटेल समूहात पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा दिलेली असते, हे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गांत नेहमी दिले जाते. तुमचा आकडा त्याच्या शतांशही नसेल, आणि त्याने काही बिघडत नाही. 'मालकांना विचारून सांगतो' हे वाक्य ग्राहकाला ऐकावे लागू नये, इतपत मुभा पुरेशी आहे.

दुसरी मर्यादा न्यायाची. एकाला दिलेले शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला दिसते. ज्याला दिले त्याचा आनंद जेवढा, त्याहून न मिळालेल्याचा डंख मोठा असू शकतो. म्हणून पैशातली सवलत निवडक लोकांना गुपचूप देणे शक्यतो टाळावे. ती कधी ना कधी फुटतेच. गरजेनुसार केलेली मदत वेगवेगळी असली तरी कोणाला खटकत नाही, कारण प्रत्येकाच्या कोटाचे वेगळे बटण सैल असते.

आणि काही ग्राहक असेही भेटतील, की एकदा मिळालेले जास्तीचे ते हक्काने मागतात, मग त्यावर आणखी मागतात. त्यांच्यावर चिडण्याचे कारण नाही, पण सरळ सांगावे: 'मागच्या वेळी ते मी माझ्याकडून केले होते. या वेळी हवे असेल तर त्याचा दर असा आहे.' हे वाक्य आधी आरशासमोर म्हणून पाहावे, कारण ऐन वेळी जीभ अडखळते. इतके ऐकून जो निघून जाईल, त्याला जाऊ द्यावे.

पायरी ८: कार्डे आणि गुण यांविषयी थोडेसे

दहा खरेद्यांवर एक मोफत, अशी कार्डे वाईट नाहीत. जोसेफ न्यून्स आणि झेव्हियर ड्रेझ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डे वाटली गेली. निम्म्या कार्डांवर आठ शिक्के पुरे होते. उरलेल्यांवर दहा लागत, पण दोन आधीच मारून दिलेले होते. दोघांनाही आठ खेपाच कराव्या लागणार होत्या, तरी पहिल्या गटात १९ टक्के आणि दुसऱ्या गटात ३४ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले. प्रवास सुरू झाला आहे असे वाटले की माणूस तो पुरा करतो. मात्र ही युक्ती खेपा वाढवते. कार्ड भरेपर्यंत टिकलेल्या माणसाला निष्ठावान म्हणण्याची घाई करू नये.

पायरी ९: उपयोग झाला की नाही ते मोजा

फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९० साली अनेक सेवाव्यवसायांची आकडेवारी मांडून दाखवले, की सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण ५ टक्क्यांनी घटवले तर नफा २५ ते ८५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. हा आकडा सगळीकडे चिकटवला जातो; पण तो त्या त्या व्यवसायांचा आहे, तुमचा नाही. तुमचा आकडा तुमच्या वहीतूनच काढावा लागतो.

त्यासाठी चार रकाने पुरतात: ग्राहक पुन्हा आला का, किती दिवसांनी आला, त्याने कोणाला पाठवले का, आणि त्याला तुम्ही जास्तीचे काय दिले होते. राइकहेल्ड यांनीच २००३ साली पुढे आणलेला, 'आमचे नाव ओळखीच्यांना सुचवण्याची शक्यता ० ते १० पैकी किती?' हा प्रश्नही विचारता येतो. त्यात ९ किंवा १० देणारे पाठीराखे धरतात आणि ० ते ६ देणारे नाराज. थोडे ग्राहक असलेल्या व्यवसायाला मात्र त्या आकड्यापेक्षा 'हा आकडा का दिला?' या पुढच्या प्रश्नाचे उत्तर अधिक कामाचे असते.

दर तीन महिन्यांनी वही उघडून बसावे. जे देऊनही कोणी परत आले नाही, ते बंद करावे. जी गोष्ट ग्राहक आता आपणहून विचारू लागले आहेत, ती कानो यांच्या तिसऱ्या गटातून पहिल्या गटात उतरली आहे. हे अटळ असते, आणि ते झाले म्हणजे तुमचे चुकले असेही नाही. ती वस्तू जास्तीच्या यादीतून खोडून 'आम्ही हे करतो' या यादीत लिहावी, तिचा खर्च दरात धरावा, आणि पुढच्या वीस ग्राहकांचे प्रश्न नोंदवण्यासाठी वहीचे नवे पान उघडावे.